बाबांचं अठराशे पंच्याण्णव

अश्लेषाला युरोपशी खरं तर काडीचंही देणंघेणं नव्हतं. ती कॉमर्सची. डोंबिवलीची मुलगी, लग्न करून रोहनबरोबर सिंगापूरला आली आणि चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या बॅक ऑफिसात चिकटली ती चिकटलीच. आता पासपोर्टसुद्धा इथलाच. युरोप तिच्या लेखी म्हणजे दुपारचा चहा झाल्यावर जागा होणारा आणि जागा झाल्या झाल्या ईमेल पाठवणारा खंड. तिकडच्यांनी घोळ घालायचे आणि हिने संध्याकाळपर्यंत निस्तरायचे. पण आज तिला झोपेतून उठवून विचारा, अठराशे पंच्याण्णव साली पॅरिसमध्ये जानेवारीत काय झालं आणि डिसेंबरात काय झालं. घडाघडा सांगेल आणि कूस बदलून परत झोपेल.

ही विद्या तिला सासऱ्यांकडून मिळाली. मिळाली म्हणजे काय, कानावर आदळली. पद्माकरराव जन्मभर साताऱ्याकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. सगळा जिल्हा मराठेशाहीवर बोलत असताना हा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या युरोपात जाऊन बसलेला. लोक विचारायचे, "सर, आपलं सोडून हे परक्याचं कशाला?" त्यावर ते म्हणायचे, "आपल्यावर बोलायला तुम्ही आहात की!" तरी बोलावणी यायची. वसंत व्याख्यानमाला, गणेशोत्सव, वाचनालयाचा वर्धापनदिन, सगळीकडे. कारण माणूस बोलायचा झकास. समोर कागद नाही, टिपणं नाही. "कागद बघून बोलतो तो कारकून," असं त्यांचं मत होतं आणि ते कारकुनांसमोरही बिनदिक्कत सांगायचे.

सासूबाई गेल्या तेव्हा रोहन बाबांना इकडे घेऊन आला. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग एक दिवस ते घराजवळच्या, पुंगोलच्या एलआरटीच्या छोट्या गाडीत बसले आणि उतरलेच नाहीत. ती गाडी बिचारी गोल फिरते, इमारतींच्या खिडक्यांजवळून जाते आणि पुन्हा होती तिथे येते. बाबाही तिच्याबरोबर फिरत राहिले. इरा, म्हणजे नात, शाळेतून येताना त्याच डब्यात चढली म्हणून सापडले. "आजोबा, व्हाय यू नेव्हर गेट डाऊन?" तिने विचारलं. "स्टेशन आलंच नाही," ते शांतपणे म्हणाले. डॉक्टरांनी तपासलं, दुखण्याचं नाव सांगितलं आणि आता हे उताराचंच काम आहे असं जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं.

दिवसा ते खालच्या ब्लॉकमधल्या डे-केअरमध्ये जातात. तिथल्या चिनी आज्या त्यांना 'प्रोफेसर' म्हणतात आणि बिंगो खेळताना आपल्याजवळ बसवतात. संध्याकाळ मात्र अश्लेषाची. ती बस, मग एमआरटी, मग एलआरटी करत घरी पोचते तेव्हा पाय तुटायला आलेले असतात आणि डोळ्यांत स्क्रीनची चुरचुर असते. पर्स टाकायची, कुकर लावायचा. आणि कुकरची शिटी व्हायच्या आत टेबलापाशी बसलेले बाबा घसा खाकरून सुरू करणार, "मित्रहो, शतक म्हातारं झालं होतं."

रोज. अहो, रोज! भेंडी चिरताना शतक म्हातारं होणार, कणीक मळताना कॅप्टन ड्रेफसवर खटला भरणार, आमटीला फोडणी बसली की जर्मनीत क्ष-किरण सापडणार. काल सांगितलेलं आज त्यांना आठवत नसे, त्यामुळे रोजचं व्याख्यान ताजं. ऐकणारीचं काय? पहिल्या महिन्यात तिने कौतुकानं ऐकलं, दुसऱ्या महिन्यात हूं हूं केलं, पुढे हूंसुद्धा करायचं सोडून दिलं. कानावरून पाणी जावं तसं ते जायचं. निदान तिची तशी समजूत होती.

एक वाक्य मात्र तिला सुरुवातीपासूनच झोंबलं होतं. बाबा सांगायचे, "त्या काळी युरोपात थकवा ही फॅशन होती. सुखवस्तू लोक डॉक्टरकडे जात, डॉक्टर सांगत, तुमच्या नसा दमल्या आहेत. रेल्वे, तारायंत्र, वर्तमानपत्रं, हा वेग माणसाला झेपत नाही. मग ते हवापालटाला जात."

"फॅशन?" अश्लेषा एकदा हातातला झारा तसाच धरून वळली होती. "बाबा, एक दिवस चला माझ्याबरोबर चांगीला. नसा बघा एकेकाच्या. आणि आम्हाला हवापालट म्हणजे एअरकंडिशन एका जागी जास्त गार, दुसऱ्या जागी कमी गार!"

बाबा खूप हसले होते. "हे घालायला पाहिजे व्याख्यानात," म्हणाले. अर्थात दुसऱ्या दिवशी विसरले.

आणि एकदा तिचा तोल गेला. क्वार्टर-एंडचे दिवस, रोहन टूरवर, इराची परीक्षा. बाबांनी "मित्रहो" म्हटलं मात्र, आणि ही किंचाळलीच, "पुरे झाला तुमचा तो ड्रेफस! मेला तो, सुटला एकदाचा! मला कधी सोडणार?"  बाबा मान खाली घालून जेवले, ताट उचलून ठेवलं, खोलीत गेले. अश्लेषाला रात्रभर वाईट वाटत राहिलं. सकाळी माफी मागायची असं ठरवून ती उठली, तर ते प्रसन्न चेहऱ्यानं चहाची वाट बघत बसलेले. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. माफी मागायची तरी कशाची? ती सिंकपाशी उभी राहून रडली आणि बसस्टॉपकडे पळाली.

पण सगळंच काही पुसलं जात नव्हतं. एका रविवारी दुपारी, घरात सामसूम असताना, बाबा तिच्याजवळ येऊन बसले. "अश्लेषा, माझं डोकं गळतंय," ते म्हणाले. "मला कळतं ते. तुम्ही आडून बोलता तेही कळतं. सगळं रिकामं व्हायच्या आत मला एकदा बोलायचंय. लोकांसमोर. सलग, कागदाशिवाय. एकदाच. मग नाही मागणार."

तिला नाही म्हणवेना. पुंगोल-सेंगकांगकडच्या मराठी कुटुंबांचं एक मित्रमंडळ आहे. मंडळ कसलं, व्हॉट्सॲप ग्रूप आणि वर्षाला दोनतीन कार्यक्रम. त्याचा सेक्रेटरी निशिकांत. भला माणूस, पण घाईचा. बोलता बोलता पुढच्या कामाला लागलेला असतो. तो म्हणाला, "वहिनी, लेक्चरला कोण येणार हो? पण आपण पोहे, रेसिपी काँपिटिशन आणि मध्ये सर, असं बसवू." कम्युनिटी क्लबमधला हॉल ठरला, रविवार दुपार ठरली. विषय, 'युरोपचं एक वर्ष: अठराशे पंच्याण्णव'. त्या दिवसापासून बाबा स्वतःच दाढीबिढी करून बसू लागले. रोज सकाळी विचारायचे, "आज आहे का गं?"

त्या रविवारी रोहननं त्यांना इस्त्रीचा झब्बा घालून दिला. ओलसर हातांनी त्यांनी सुनेचा हात धरला आणि म्हणाले, "मध्येच अडखळलो तर?"

"मी समोरच बसते," अश्लेषा म्हणाली. "अडखळलात तर माझ्याकडे बघा."

हॉल बऱ्यापैकी भरला होता. पोह्यांचा वास, पळणारी पोरं, नटलेल्या बायका. आणि मग माशी शिंकली. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले कुठल्याशा कंपनीतले बडे गृहस्थ आले ते घड्याळ बघतच. त्यांना विमान गाठायचं होतं. निशिकांत धावत अश्लेषाकडे आला. "वहिनी, जरा ॲडजस्ट करू. सत्कार आधी उरकून घेतो पाहुण्यांच्या हस्ते. मग सर निवांत बोलतील."

तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. कुणालाच दिसलं नसतं. परिचय झाला, पाहुण्यांनी बाबांच्या खांद्यावर शाल घातली. लिटल इंडियातून मुद्दाम आणलेला शेंडीचा नारळ हातात दिला, पुष्पगुच्छ दिला, फोटो झाले. सगळ्यांनी दणदणीत टाळ्या वाजवल्या. निशिकांत पाहुण्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेला. आणि बाबांनी नारळ छातीशी धरून सभेला एक सुंदर नमस्कार केला, पायऱ्या उतरून खाली आले, आणि अश्लेषाशेजारच्या खुर्चीत बसून शालीच्या टोकानं कपाळ टिपलं.

"झालं बाई," ते म्हणाले. "कसं झालं? पोचलं ना लोकांपर्यंत?"

 अश्लेषाला क्षणात सगळं कळलं. चाळीस वर्षं या माणसाच्या आयुष्यात क्रम एकच होता. परिचय, व्याख्यान, प्रश्नोत्तरं, आभार, आणि सगळ्यात शेवटी शाल आणि नारळ. नारळ हातात आला की भाषण संपलं, एसटी गाठायची. डोकं विसरलं तरी हात कसे विसरतील? ते आजही क्रमानेच चालले होते. चुकलो होतो आपण, सगळे शहाणे.

"अगं, सांग ना त्यांना," पलीकडून रोहन कुजबुजला. "म्हणावं बोलायचंय अजून. लोक थांबलेत."

तिने बाबांकडे बघितलं. इतके निवांत ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते. आता यांना सांगायचं, की तुम्ही बोललाच नाहीत? इतक्या लोकांत? ते कावरेबावरे होतील, चेहरा उतरेल, आणि मग त्या अवस्थेत माइकपुढे उभे राहतील ते कसे? तिला एकदम बाबांच्या त्या कॅप्टन ड्रेफसच्या गणवेशाची बटणं आठवली. पटांगणात, गर्दीसमोर तोडलेली. नको. पण गप्प बसावं तर तेही नको. व्याख्यान झालंय अशा समजुतीत त्यांना घरी न्यायचं, म्हणजे त्यांची एकुलती एक संधी आपणच गिळली.

"छान झालं, बाबा," ती म्हणाली आणि उठली. निशिकांत दारातून येत होता, त्याला तिने तिथेच गाठलं. "निशिकांत, आता प्रश्नोत्तरं जाहीर करा."

"आता? अहो, व्याख्यान कुठं झालंय?"

"ते मी बघते. तुम्ही फक्त म्हणा, सर प्रश्नांना उत्तरं देतील. आणि सरांना खुर्ची द्या स्टेजवर."

"वहिनी, भाषणाआधी प्रश्न? लोक हसतील मला!"

"भाषणाआधी नारळ दिलात तेव्हा नाही हसले ते?" तिचा आवाज चढला. "जा, करा लवकर!"

निशिकांत गेला बिचारा आणि जाहीर करून मोकळा झाला. सभेत चुळबुळ झाली. बाबा मात्र लगेच उठले. प्रश्नोत्तरं, अर्थात, ती तर हवीतच. नारळ रोहनच्या मांडीवर ठेवून ते वर गेले आणि खुर्चीत न बसता तिच्या पाठीला धरून उभे राहिले. अश्लेषानं खालून माइक हातात घेतला. आयुष्यात तिने ऑफिसच्या टाउनहॉल मीटिंगमध्येही कधी तोंड उघडलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली. बाबा नव्हे, सर. "आपण म्हणालात, शतक म्हातारं झालं होतं. म्हणजे नक्की काय झालं होतं?"

बाबांनी डोळे मिटले, उघडले, आणि त्यांचा जुना आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "चांगला प्रश्न आहे. मित्रहो, म्हातारपणी माणसाचे डोळे क्षीण होतात आणि हट्ट वाढतो. शतकाचंही तसंच असतं."

आणि ते सुरू झाले. ती प्रश्न विचारत गेली, ते उत्तरं देत गेले. थकव्याच्या फॅशनबद्दल विचारलं, लोक हसले. "सर, त्या कॅप्टनच्या बटणांचं काय झालं?" असं विचारलं तेव्हा हॉलमधली पोरंसुद्धा गप्प झाली. बाबांनी सांगितलं: एक ज्यू अधिकारी, फितुरीचा खोटा आळ, जानेवारीतली थंडी, लष्करी शाळेचं पटांगण. त्याच्या गणवेशावरची बटणं सगळ्यांसमोर तोडली, तलवार मोडली. तो ओरडत होता, मी निर्दोष आहे. आणि बटणं पटकन तुटावीत म्हणून आदल्या दिवशीच त्यांचे टाके सैल करून ठेवले होते. "अपमानाचीसुद्धा पूर्वतयारी करावी लागते," बाबा म्हणाले, "आणि तयारी करणारे नेहमी शिस्तीचे लोक असतात."

अश्लेषा स्वतःवरच चकित झाली होती. पुढे काय, त्याच्या पुढे काय, हे तिला दिसत होतं. भेंडीच्या मागून कॅप्टन, कणकेच्या मागून पॅरिसच्या कॅफेतलं तळघर, जिथे तिकीट लावून हलती चित्रं दाखवली गेली. "आणि पहिल्याच खेळात काय दिसलं? कारखाना सुटल्यावर घरी निघालेली माणसं. दमलेली असतील. पण पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे पैसे मोजून बघत होतं." हे वाक्य तिने ओट्यापाशी कितीदा ऐकलं होतं, पण आज तिला पहिल्यांदाच चांगीचा संध्याकाळचा बसस्टॉप दिसला.

मध्ये एका काकांनी हात वर केला. "सर, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?" हा प्रश्न तिच्या यादीत नव्हता. बाबांनी काकांकडे बघितलं. "पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला," बाबा म्हणाले. "तिकडे नसा दमल्या म्हणून लोक हवापालटाला जात होते, इकडे जीव वाचवायला गावं सोडत होते. तेच दशक, तीच पृथ्वी." काकांनी मान डोलावली. मग बाबा पुन्हा खटल्याकडे वळले आणि अडखळले. "तर तो कॅप्टन... तो..." हात हवेत राहिला. नाव गेलं होतं. रोज संध्याकाळी घरात नांदणारं नाव. ते अश्लेषाकडे बघू लागले.

"सर," ती शांतपणे म्हणाली, "कॅप्टन ड्रेफसना शेवटी न्याय मिळाला का?"

"मिळाला!" हात खाली आला. "ड्रेफसना न्याय मिळाला, पण दुसरं शतक उजाडल्यावर. कारण सैन्यातल्या वरच्यांना आपली चूक कळून चुकली होती. तरी ती कबूल करायची नव्हती. मित्रहो, खोटं एकदा सगळ्यांच्या सोयीचं झालं की मग ते मोडायला फार मोठी छाती लागते."

एव्हाना हे काय चाललंय ते लोकांच्या लक्षात आलं होतं, बहुतेकांच्या. कुणी हसलं नाही. पोहे गार झाले, रेसिपीवाल्या बायका आपले डबे मांडीवर घेऊन बसून राहिल्या. बाबा क्ष-किरणांपर्यंत आले. नोव्हेंबरात लागलेला शोध, संशोधकाच्या बायकोच्या हाताचा फोटो, हाडं आणि बोटातली अंगठी. आता फक्त शेवट राहिला होता, आणि नेमकं दार उघडून लाइन-डान्सचा ग्रूप आत डोकावला. त्यांची वेळ झाली होती. हॉलवाल्या अंकलनी मागचे दिवे मालवायला घेतले. निशिकांतनं आभार मानले, बाबांनी तोच सुंदर नमस्कार केला. टाळ्या मघापेक्षा कमी जोराच्या होत्या, पण बराच वेळ चालल्या.

रोहन आणि इरा सामान घेऊन टॅक्सीनं पुढे गेले. बाबांना एलआरटीनंच जायचं होतं. अश्लेषा त्यांच्या शेजारी बसली, नारळ मांडीवर. अंगातली सगळी ताकद कुणीतरी काढून घेतली होती. उद्या सोमवार. तिने खिडकीला डोकं टेकलं. बाहेर एकामागून एक बाल्कन्या जात होत्या, वाळत घातलेले कपडे, कुणाकुणाची जेवणं.

"अश्लेषा," बाबा म्हणाले. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"मी आज व्याख्यान दिलं का गं?"

तिने डोळे उघडले. ते तिच्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होते. खोटं सोपं होतं. तेवढं बोलायलाही अंगात जोर नको होता. पण थोड्याच वेळापूर्वी हाच माणूस सोयीच्या खोट्याबद्दल काय बोलला होता, ते तिने स्वतः माइक धरून त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "नारळ आधी दिला त्यांनी, त्यामुळे घोटाळा झाला. चूक आमची. तुम्ही फक्त प्रश्नांना उत्तरं दिलीत. मी विचारलेल्या."

 एक स्टेशन आलं, गेलं. तिला भीती वाटायला लागली.

"सगळं आलं का उत्तरांत?" त्यांनी विचारलं.

"सगळं आलं. तेवढं शेवटचं वाक्य राहिलं, दिवे घालवले म्हणून."

"कोणतं?"

तिला वाटलं, ते परीक्षा घेताहेत. पण चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. ते वाट बघत होते, एखाद्या चांगल्या श्रोत्यानं बघावी तशी. तिने घसा साफ केला.

"एकाच वर्षात युरोपला माणसाच्या आतली हाडं दिसली," ती म्हणाली. "माणूस तेवढा दिसायचा राहिला."

बाबांनी वाक्य ऐकलं. ओठ हलवून एकदा मनात म्हणून बघितलं. त्यांची मान हळूहळू हलली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "कुणाचं?"

"तुमचं, बाबा."

"असेल." त्यांनी तिच्या मांडीवरच्या नारळावर हात ठेवला. "तू लक्षात ठेव हं. माझ्याच्यानं आता नाही व्हायचं."

"ठेवते," अश्लेषा म्हणाली. स्टेशन आलं, तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि दोघं उतरली.